गॅरंटीतली काठी

सरळमामांकडून काठी घ्यायची म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजायचा. बिलियर्डसारखा पूल खेळायच्या त्या लांब निमुळत्या काठीला बाहेर सगळे क्यू म्हणत, पण पूलच्या हॉलला लागून असलेल्या मामांच्या दुकानात ती काठीच. गिऱ्हाईक आत आलं की मामा आधी त्याचे हात बघत आणि मग विचारत, "खेळायला पाहिजे की मिरवायला?"

मिरवणाऱ्यासाठी मुकुटछाप. बुडावर सोनेरी नक्षी, वरून चकचकीत, आणि बूड जमिनीवर हलकेच आपटलं की आत वजनाचा बोल्ट खुळखुळणार. जहाजछाप त्यातल्या त्यात बरी. लाकूड चांगलं, पण दोन तुकडे जोडणारा स्क्रू पितळी, वर्षभरात ढिला. घोडाछाप म्हणजे मात्र मामांचा जीव की प्राण. एकोणीस औंस वजन, सांधा पोलादी, लाकडाच्या रेघा टोकापासून बुडापर्यंत न तुटता गेलेल्या. "ही काठी बिघडत नाही," मामा छातीठोकपणे सांगत. "बिघडलीच तर समजायचं, माणूस बिघडलाय."

नवशिके काठी टेबलावर लोळवून बघू लागले की मामांचं डोकं फिरे. "लाटणं आहे का ते?" मग स्वतः काठी उचलायची, गालाशी धरायची, एक डोळा मिटायचा आणि टोकापर्यंत नजर टाकायची. केसाएवढा बाक असला तरी त्यांना दिसे. सवय इतकी जडलेली की दाराची चौकट, शेजाऱ्याची भिंत, जावयाचा भांग, सगळं ते एक डोळा मिटून तपासत. त्यावरूनच नाव पडलं सरळमामा.

घरात मात्र हा माणूस मुळीच सरळ नव्हता. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला त्यांची उगाच दया यायची.

बायको घरी शिवणकाम करायची. मामा हॉलमधून एखादा डाव हरून आले की कुठलंही निमित्त पुरे व्हायचं, आणि दुरुस्तीला आणलेली एखादी काठी हाताशी असायचीच. एकदा ती बायकोच्या हातावर बसली, हात मशीनवर असताना. दोन बोटं मोडली. डॉक्टरला मामांनी सांगितलं, दारात चेमटली. बोटं वाकडीच जुळली आणि तेव्हापासून ती काजं दुसऱ्या बाईकडून करून घेऊ लागली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मशीनखाली कोपर डोक्यावर धरून बसली होती आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

त्या दिवसानंतर पंधरा वर्षं मामांनी हात उचलला नाही. याचा त्यांना कोण अभिमान! दारू सोडलेला माणूस जसा येताजाता सोडल्याचं सांगतो, तसे हे मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत. बायकोची माफी मागितल्याचं मात्र कुणाला आठवत नाही. झालं गेलं संपलं, असा त्यांचा हिशेब. पोरगी तर लहान होती, तिला काय आठवणार?

एक दिवस भर दुपारी जावई दुकानात आला. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्रीला होता, बोलायला तेल लावल्यासारखा. लग्नात त्याला घोडाछाप मामांनीच निवडून दिली होती. सतरा काठ्या डोळ्याला लावून अठरावी.

"मामा, नवी काठी बघायचीय."

"या जावईबापू! पण घोडाछाप असताना नवी कशाला?"

"तेच तर सांगतोय. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. जरा जड द्या. आणि बळकट, सहज तुटणारी नको."

मामा खुलले. तिन्ही छापांची एकेक काठी त्यांनी टेबलावर मांडली. मुकुटछाप हातात घ्या, तोल कुठे येतो बघा, पार पुढे येतो, म्हणजे मनगट दुखणार. जहाजछाप ठीक, पण वर्षाने स्क्रू बदलावा लागेल. त्यांचं प्रवचन रंगात आलं होतं. जावई मान डोलवत होता, आणि मध्येच त्याने पिशवीतून जुनी काठी काढून टेबलावर ठेवली. दोन तुकडे.

"ही बदलून मिळेल का बघा ना. दोन वर्षांची गॅरंटी होती, अजून वर्षही झालं नाही. तुमची घोडाछापसुद्धा फसवीच निघाली."

मामांना ते झोंबलं. बायकोला कुणी नावं ठेवली असती तर एवढं झोंबलं नसतं.

"कशी तुटली?"

"जिन्यावरून पडली."

"घोडाछाप जिन्यावरून पडून तुटत नाही," मामा म्हणाले आणि कंपनीची बाजू घ्यायला म्हणून त्यांनी तुकडे उचलले.

जिन्यावरून पडलेली काठी त्यांनी शेकड्याने पाहिली होती. टोकाची चामड्याची टिप उडते, सांधा खिळखिळा होतो. इथे टिप शाबूत होती. सांधा जागच्या जागी. काठी मोडली होती सांध्याच्या वर वीतभर, आणि एका बाजूने लांब लांब कुसळं उभी राहिली होती. बूड दोन्ही हातांनी धरून, खांद्यावरून घेऊन मारली की ती अशी मोडते. हे मामांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या हातून अशा तीन मोडल्या होत्या.

कुसळांत पिवळ्या लोकरीचा धागा अडकला होता. बायकोने वाकड्या बोटांनी दोन महिने खपून पोरीसाठी विणलेल्या स्वेटरचा. आणि चार दिवसांपूर्वी पोरीचा फोन आला होता, बाथरूममध्ये घसरले, मनगट मुरगळलंय, तुम्ही कुणी येऊ नका.

मामांनी जाऊन शटर खाली ओढलं.

"काय झालं, मामा?"

"काही नाही. तुला बळकट पाहिजे ना? तपासून देतो."

मुकुटछाप पहिल्याच फटक्याला गेली. जावयाच्या खांद्यावर ती मोडली आणि नक्षीचा तुकडा उडून काचेवर आपटला. तो ओरडला, दाराकडे धावला. जहाजछाप तीन फटके टिकली, गुडघ्यावर, पाठीवर, आणि तोंड झाकलेल्या हातांवर. तिसऱ्याला स्क्रू लाकडातून उपटून आला. मामा एक डोळा मिटून काठी कुठे बसतेय ते बघत होते, मन लावून, जणू कामच करत होते. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. पंधरा वर्षं दाबून ठेवलेला हात मोकळा सुटला होता आणि या खेपेला न्याय आपल्या बाजूला आहे अशी त्यांची खात्री होती. मग त्यांनी नवी घोडाछाप उचलली. ती काही मोडली नाही. जावयाचं गळ्याखालचं हाड मोडलं, दोन दात फरशीवर पडले.

"तिनेच... तिने उलट बोलायला नको होतं," तो रक्त थुंकत म्हणाला.

मामांनी हेच वाक्य पूर्वी म्हटलं होतं. शब्दसुद्धा हेच. ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण पुढचा फटका भिंतीवर बसला.

बाहेर हॉलमधली माणसं शटर बडवत होती. मामांनी ते वर केलं, कुणाकडेही न बघता बाहेर पडले आणि चालता चालता बायकोला फोन केला. "पोरीकडे ये. तिला घरी आणायचंय. नवऱ्याने मारलंय तिला. त्याचा मी निकाल लावलाय."

पोरीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मामांनी दार वाजवलं. पोरगी गळ्यात पडेल, रडेल, बाबा म्हणेल, असं सगळं त्यांनी वाटेत ठरवून टाकलं होतं.

दार उघडलं. पोरीच्या मनगटाला पट्टी होती, कानामागे काळंनिळं. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. घोडाछाप अजून हातातच होती, टोकापासून लाल. ती मागे सरकली, भिंतीला टेकली, खाली बसली आणि दुखरा हात तसाच वर करून तिने कोपर डोक्यावर धरलं.

"नको, बाबा. नको."

"अगं, तुला नाही! त्याला मारलं मी. तुझ्यासाठी मारलं!"

कोपर खाली आलं नाही. मामा तिथेच उभे राहिले. पुढे पाऊल टाकलं असतं तर ती आणखी आकसली असती, एवढं त्यांना कळलं.

मागून बायको आली, धापा टाकत. तिने आधी पोरीला पाहिलं, मग नवऱ्याला, आणि पुढे होऊन त्याच्या हातातली काठी काढून घेतली. काठी तिच्या हातात गेली मात्र, मामांचा हात आपोआप वर गेला. कोपर डोक्यावर, डोळे मिटलेले, दोन्ही.

बायकोने मारलं नाही. तीस वर्षं बघत आली होती तशी काठी सांध्यापाशी धरली, पिळली, दोन तुकडे वेगळे केले आणि बाजूला ठेवले.

"जिवंत आहे ना तो?"

"आहे."

"मग डॉक्टरला कळवते, आणि पोलिसांनाही. त्याचं काय ते त्याने सांगावं, तुमचं काय ते तुम्ही सांगा." ती पोरीशेजारी जमिनीवर बसली. "चल, घरी जाऊ."

पोरीने बापाकडे न बघता विचारलं, "आई, हे असतील तिथे?"

वाकड्या बोटांचा हात बायकोने वर केला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घराची किल्ली द्या."

मामांनी दोन्ही खिसे चाचपले. किल्ली हाताच्या रक्ताने चिकट झाली. सदऱ्याला पुसून त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली.