जिथं मामा आंधळे नव्हते

माझे मामा वेताच्या खुर्च्या विणायचे. गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. चाळिशीच्या आतच त्यांची नजर कडेकडेनं विझायला लागली आणि पन्नाशीला उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. पण हे इतकं हळूहळू झालं, की तोवर घर त्यांच्या हातापायांना पाठ झालं होतं. कुठली फरशी हलते, वेत भिजवायचं पिंप कुठं, सगळं. गल्लीतही तसंच. लाकडाच्या भुशाचा वास आला की सुताराचं दुकान, तिथून डावीकडं. गटाराच्या झाकणावर पाय वाजला की चहावाला. काठी घरीच पडलेली असायची. नवखं गिऱ्हाईक खुर्ची टाकून, भावात घासाघीस करून निघून जायचं आणि समोरच्या माणसाला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही. वीज गेली की मामाच त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत सोडायचे. "आता तुम्ही माझ्या राज्यात आलात," म्हणायचे.

मामीचं त्या घराशी कधीच जमलं नाही. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून घरी यायचं, तर घरीही ओल. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. कपाटाची पाठ बुरशीनं काळी पडायची. "एक खिडकी असती, तर तुमच्या आईचे सगळे टोमणे मी विसरले असते," ती म्हणायची. सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण मामीच्या लेखी ती त्या भिंतींत मुरून राहिली होती.

पुढं रस्ता रुंद करायचं निघालं आणि गल्लीची मामांची बाजू पाडली गेली. बदल्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला पाचव्या मजल्यावर घर मिळालं. मामी हरखून गेली. दोन्ही खोल्यांना खिडक्या, दिवसभर ऊन. कामावरून आली की चहा घेऊन ती खिडकीशीच बसायची.

मामा मात्र पलंगाच्या काठावर बसून राहायला लागले. नडग्या दारांवर, कपाटांवर आपटून काळ्यानिळ्या झाल्या. "इथं सगळ्या भिंतींचा आवाज एकच आहे," ते मला म्हणाले. मोरीपर्यंत जायलाही ते हात मागायला लागले. विणकाम तर बंदच पडलं.

एकदा मामीचा तोल गेला. "तिकडं एकटे बाजार करून यायचात. इथं चार पावलं जमत नाहीत? मला या घराचं सुख लागू द्यायचं नाही, असं ठरवलंयत का?"

मामांनी नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अगं, तिथं मी आंधळा नव्हतो."

मामी खिडकीपासून उठून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

नंतर एका सकाळी मी मामांना भेटायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं आणि घरात कोणी नाही. शेजारीण म्हणाली, त्यांनी तिला टॅक्सी बघून द्यायला सांगितलं होतं. मी मामीला इस्पितळातून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी थेट जुन्या गल्लीकडं गेलो.

रस्त्याच्या मधोमध दुभाजकाला धरून मामा उभे होते. दोन्ही अंगांनी गाड्या चाललेल्या. सुताराचं दुकान पलीकडच्या बाजूला होतं म्हणून वाचलं होतं. तो त्यांच्या दंडाला धरून समजावत होता, पण मामा हलायला तयार नव्हते.

मामीला वाटेत आलेला सगळा राग तिथं गळून गेला. "चला," ती म्हणाली.

"आपलं दार कुठं होतं, तेवढं सांग."

मामीनं आजूबाजूला पाहिलं. सुताराच्या दुकानावरून अंदाज बांधला आणि त्यांना दुभाजकाच्या कडेनं थोडं पुढं नेऊन उभं केलं. "इथं."

मामांनी चप्पल काढली आणि तळपायानं डांबर चाचपलं. "काहीच कळत नाही गं," ते म्हणाले. "कुठंही उभा असल्यासारखं वाटतंय." ते रडले नाहीत. मामी रडली. ज्या घराला तिनं जन्मभर नावं ठेवली, त्याच्यासाठी तिला भर रस्त्यात रडू फुटलं आणि ते का, हे तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. मी गेले तेव्हा ती डोळ्यांना टॉवेल बांधून घरभर चाचपडत होती आणि मामा पलंगावरून तिला विचारत होते, "आता काय लागलं?" कपाट लागलं, तर कपाट हललं. गुळगुळीत भिंतीवर तिनं वेताची पट्टी ठोकली, मोरीपर्यंत. बोटं लावून चालत जायला. शेवटी तिनं स्वतःची खुर्ची खिडकीजवळून हलवली आणि तिथं मामांचं पिंप आणि पाट मांडला.

"अगं, ती तुझी जागा," मामा म्हणाले.

"तुमच्या डाव्या गालाला ऊन लागलं की दार उजवीकडं. एवढं ध्यानात ठेवा. माझ्या जागेचं मी बघते."

काम लगेच सुरू झालं नाही. पहिल्या खुर्चीची बैठक वाकडी झाली, ती त्यांनी उसवली. उन्हाळा सरता सरता शेजारणीची खुर्ची नीट विणून झाली, मग वरच्या मजल्यावरून दोन आल्या. जिन्यात माणसं त्यांना ओळखायला लागली. रस्त्यावर एकट्यानं जाणं मात्र त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. खाली उतरताना काठी आणि मामीचा खांदा, दोन्ही लागायचं.

त्याच घरात एका दुपारी काम करता करता मामा गेले. अर्धी विणलेली बैठक मांडीवर तशीच होती. दिवसकार्य आटोपल्यावर परगावी राहणारा मामेभाऊ मामीला आपल्याकडं कायमचं न्यायला आला. त्याचं घर मोठं, माणसं चांगली. तो म्हणाला, "आई, इथं आता काय आहे?"

मामीनं त्याच्यासाठी पान घेतलं, वाढलं. मग म्हणाली, "येईन की. पंधरा दिवस राहीन. पण परतीचं तिकीट आधी काढ."