आईच्या नजरेएवढं कुंपण

आज सकाळी बाबा अंगणातलं कामिनीच्या झुडपांचं कुंपण कापत होते. कामिनी सतत कापत राहिलं की तिची दाट हिरवी भिंत होते, पण मग तिला फुलं येत नाहीत.

अर्धांगवायू झाल्यावर आईचे दिवस ओसरीवर, चाकाच्या खुर्चीत जायचे. तिला रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून बाबांनी डोक्याएवढं वाढलेलं कुंपण कमरेपर्यंत खाली आणलं. दर रविवारी कापून झालं की ते विचारायचे, "दिसतंय का गं?" तिने मान हलवली की मगच कात्री खाली ठेवायचे.

आईला जाऊन चार महिने झाले. मी म्हटलं, "बाबा, आता वाढू द्या की. फुलं तरी येतील."

"हो, खरंच," ते म्हणाले आणि कापत राहिले.

शेवटचं टोक कापून ते सवयीने ओसरीकडे वळले. त्यांचे ओठ हलले. माणूस जातं, पण त्याच्यासाठी केलेली कामं आपल्या हातांत तशीच उरतात. ती पुरी झाली, असं सांगणारं मात्र कोणी उरत नाही.

 मग सारखं झालेलं ते कुंपण बाबांनी पुन्हा पहिल्या टोकापासून कापायला घेतलं. मी त्यांना थांबवलं नाही.