दिवसा निजणाऱ्यांची बाग

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही पोफळीच्या वसाहतीत काढली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझा नवरा वीजघरात पाळीवर असे. वीजघर डोंगराच्या आत, बोगद्यातून जायचं. रात्रपाळी संपवून तो सकाळी घरी यायचा तेव्हा उजेडाकडे परक्या गावात उतरल्यासारखा बघायचा. चहा घ्यायचा, आडवा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा. यंत्रांची घरघर कानात उरते म्हणायचा. त्यात आमचं क्वार्टर नळाशेजारी, वरच्या मजल्यावर मुलांची शिकवणी, आणि चैत्रातला उकाडा.

मला सहावा महिना चालू होता. त्याच दिवसांत माझे वडील समुद्रकाठच्या नाटे गावाहून आमच्याकडे आले. सावर्ड्याला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दोन महिने होडीत पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. हात रिकामे राहिले की त्यांना जेवण जात नसे. म्हणून पिशवीतून त्यांनी जाड सुताच्या गुंड्या आणल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "बाय, जावयांना झोप नाय लागत. माणूस रातभर डोंगराच्या पोटात, नि वर आला की परत चार भिंतींत. कशी लागेल झोप?"

मग त्यांनी झोळी विणायला घेतली. डोळ्याला ताण द्यायचा नव्हता, म्हणून डोळे मिटून विणायचे. गाठीमागून गाठ पडत होती आणि ते जणू दुसरीकडेच कुठे बसलेले असावेत तसे, किंचित डुलत. सहा दिवसांत झोळी झाली. वसाहतीच्या बागेत जांभळाचं मोठं झाड होतं आणि त्याच्यासमोर दोन आंबे. जांभळाला एक टोक आणि आंब्याला दुसरं टोक त्यांनी बांधलं.

नवरा संकोचला. "बागेत निजायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते निजल्यावर ऐकू येत नाय," वडील म्हणाले.

तो झोळीत शिरला. जाळ्याने त्याला सगळीकडून धरलं. मी बाकावर बसून बघत होते. जांभूळ फुललं होतं आणि त्याचे पांढरे तंतू नवऱ्याच्या शर्टावर, केसांवर हळूहळू पडत होते. वर मधमाश्यांचा एकसुरी आवाज. थोड्या वेळाने त्याचा एक हात झोळीबाहेर सुटला आणि तसाच लोंबत राहिला. तो दुपारी दोनला उठला आणि म्हणाला, "आवाज गेला."

पंधरा दिवसांत बागेत सहा झोळ्या झाल्या. काही वडिलांनी विणलेल्या, काही बायकांच्या जुन्या लुगड्यांच्या. सकाळी दहाच्या सुमारास बागेत गेलं की माणसं पालथी-उताणी तरंगताना दिसत. हिरव्या उजेडात वाऱ्याने सगळ्या झोळ्या एकाच बाजूला जात आणि एकाच वेळी परत येत. पाण्याखालून चालल्यासारखं वाटे मला. बाजारात जाणाऱ्या बायका तिथे पोचल्या की बोलणं थांबवत, चपला हळू टाकत.

मग एका सकाळी माळीकाकांनी वडिलांना हाक मारली. कोणीतरी नायलॉनची दोरी बांधली होती आणि ती धाकट्या आंब्याच्या सालीत रुतली होती. चीक ओघळत होता. वडिलांनी त्या जखमेवरून बोट फिरवलं आणि दोरी कापून काढली.

संध्याकाळी बाग समितीचे सेक्रेटरी आले. साताऱ्याकडचे, कडक गृहस्थ. "बाग आहे का धर्मशाळा? फलकावर स्पष्ट लिहिलंय, बागेत झोपू नये. उद्यापासून सगळं बंद."

"झाडाला लागलं, ती आमची चूक," वडील म्हणाले. "पण बंद कशाला? नियम करा. होडीवर पण नियम असतात."

सेक्रेटरी नाहीच म्हणत राहिले. तेव्हा, अगदी अनपेक्षितपणे, माळीकाकाच बोलले. "सायेब, रातपाळीच्या माणसानं मग दिवसा जायचं कुठं?"

यावर सेक्रेटरींनी एकदा फलकाकडे बघितलं. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "बरं, सांगा. काय नियम?"

माझं अक्षर चांगलं म्हणून नियम फलकावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. वडील सांगत गेले, सेक्रेटरी त्याची सरकारी भाषा करत गेले. धाकट्या आंब्याला कोणी हात लावायचा नाही. खोडाला गोणपाट गुंडाळल्याशिवाय दोरी आवळायची नाही, खिळा तर नाहीच. चारला मुलं खेळायला येतात, त्याआधी झोळी सोडायची. एका अविवाहित ऑपरेटरने रात्रीही राहू द्या म्हणून विनवलं, तेव्हा वडील आणि सेक्रेटरी एकदमच नाही म्हणाले. सूर्य मावळल्यावर झोळी बागेत दिसता कामा नये. शेवटचा नियम सेक्रेटरींचा होता: ही सवलत फक्त पाळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी.

तो नियम मीच आठव्या महिन्यात मोडला. वैशाख संपत आला होता, घरात कूस बदलणंही जड झालं होतं. नवरा दिवसपाळीला होता. वडील मला बागेत घेऊन गेले, झोळीत जाड गोधडी अंथरली आणि कुशीवर निजवलं. माझं सगळं ओझं झोळीने उचललं. पोटातलं बाळही गप्प झालं. पानांतून ऊन चेहऱ्यावर यायचं, जायचं, आणि कुठेतरी घाटात ट्रक चढत असल्याचा आवाज अगदी बारीक होत होता. मी निजले की जागी होते, ते आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात माळीकाकांचा आवाज आला. "वयनी, तुमची कुठली पाळी?"

मी उठायला गेले. वडील म्हणाले, "नीज गो. काका, हिला आठ महिने सुट्टीच नाय मिळाली."

माळीकाकांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याची नळी उचलली आणि झाडांना पाणी घालायला बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले.

ही गोष्ट सेक्रेटरींच्या कानावर गेलीच. चार दिवसांनी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दारात उभे. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "फलकावर एक ओळ वाढवायची आहे. 'तसेच ज्यांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे असे.' जमेल ना तुम्हाला?"

मी स्टुलावर बसून लिहिली. ओळ तिरकी गेली.

आषाढात मुलगी झाली. नारळी पौर्णिमेआधी वडील नाट्याला परतले. थंडीत सेक्रेटरींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि एका दुपारी ते स्वतः आमच्याकडे झोळी मागायला आले. गोणपाट त्यांनी बरोबर आणलं होतं, गाठ मात्र मारता येत नव्हती. नवऱ्याने त्यांना ती तीनदा करून दाखवली.

त्यांची लेक झोळीत निजली. ते थोड्या अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र उघडून उभे राहिले. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून खुणावत होते. बाक रिकामा होता, पण ती जागी होईपर्यंत ते बसले नाहीत.