कॅमेऱ्यावर कुंकू

मैत्रिणींनो, मी नोकरी करते त्या जळगावच्या डाळ मिलमध्ये आज रोबोट आला. डाळीची पाकिटं खोक्यात भरणारा. इतकी वर्षं हे काम सुमनअक्का करत होत्या.

नव्या मशीनला हळदकुंकू वाहायचा मानही त्यांचाच. त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले, "सांभायजो रे भाऊ" म्हणाल्या आणि रोबोट जागीच थांबला.

"अक्का, कॅमेऱ्यावर लावलं तुम्ही!" इंजिनियर ओरडला.

"माले वाटनं, त्यानं कपाय शे."

रोबोटचं कपाळ! सगळे हसले, अक्काही. त्यांनीच पदराने काच पुसली, तसा रोबोट चालू झाला.

मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. "ताई, आते मी काय करू?"

"शेठ बघतील ना," मी म्हटलं. शेठ मला काहीच बोललेले नाहीत.

घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. उद्या अक्का पुन्हा विचारतील. तुम्ही काय सांगितलं असतं?