कुंडी आणि बकरी

लिहिणं लेखकांनी करावं. माझं काम कुंड्या बनवण्याचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मी चार ओळी खरडल्या, तरी आईला वाटतं तहसीलचा अर्ज लिहितोय. त्यामुळे या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ती वर्षं. लोक कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाळत होते. मी नुकताच इंजिनिअर होऊन घरी आलेलो. वाटलं, या वाळक्या काड्या दळून रोपांसाठी कुंड्या केल्या तर? प्लास्टिकची पिशवीच नको. कुंडीसकट रोप मातीत लावायचं.

पुण्याच्या एका कंपनीत नोकरी ठरत आली होती. बाबा म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत कर तुह्या मनाचं. नाही जमलं तर चुपचाप पुण्याले जाय."

भुसा एकत्र धरायला काही चिकट हवं होतं. मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. कुंड्या टणक झाल्या. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे त्यांच्यावर विटा रचल्या, कुंड्या छपरावरून खाली टाकल्या. एकही फुटली नाही. नेरच्या नर्सरीवाल्या काकांनी पहिली खेप ठेवून घेतली.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "अबे इंजिनेर, बकऱ्या तुह्या कुंड्या खाऊन राह्यल्या!"

"काका, कुंपण आहे ना तुमचं?"

"हाय ना, पऱ्हाटीचंच. त्याले तोंड नाही लावत. ते पाडून आत आल्या अन् कुंड्या फस्त केल्या."

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "काहून नाही खातीन? भाकरच हाय ते. ठेचा तेवढा द्यायचा राह्यला."

वजन, पाणी, उंची, सगळ्याची परीक्षा मी घेतली होती. चवीची घ्यायची असते, हे कोणी शिकवलं नव्हतं.

मग खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घातला. आईच्या वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. गंज राखेनं घासला, पण संध्याकाळचं वरण कोणाच्या घशाखाली उतरलं नाही. बाबांनी ताट सरकवलं. "बकरीच्या आधी आमालेच उपाशी मारतं का?"

आमच्या बकरीपुढे नवी कुंडी ठेवली. तिनं हुंगली, शिंकली आणि पाठ फिरवली. कोणी पाठ फिरवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

काका दुसरी खेप घ्यायला कसेबसे तयार झाले. त्यांनी त्यात शेवग्याची रोपं लावली. "टिकल्या तर पावसाळाभर घेतो. नाही तर तू पुण्याले, मी पिशव्याले."

आईनं पुण्यासाठी चिवडा करून डब्यात भरलासुद्धा. गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. मी रोज तिथे जाऊन बसायचो. पाण्याला आलेल्या बाया विचारायच्या, "काहून रे, टाकीची राखण करतं का?"

आभाळ भरून आलेल्या एका सकाळी फोन वाजला.

"इंजिनेर, काल बकऱ्या पुन्हा घुसल्या."

मी उठून उभा राहिलो. "मग?"

"कुंडीले एकीनंही तोंड नाही लावलं. साऱ्या साबूत."

"आणि रोपं?"

"रोपं सारी खाऊन गेल्या ना बे! पण कुंडी पास झाली तुही. पावसाळाभर पाठवत जाय. अन् थे कडू खळ थोडी जास्तीची आन, माह्या कुंपणाले फासतो."