आम्ही दोघी एकाच वॉर्डातून

ग्रामपंचायतीची आमच्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी सुटली, आणि घरात कोणी काही विचारायच्या आतच ठरलं की थोरल्या जाऊबाईंनी उभं राहायचं. मी त्यांना आक्का म्हणते. आक्कांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण घोटावड्याच्या बाजूच्या आमच्या गावात कुणाकडे काय अडलंय हे त्यांना सरपंचांच्या आधी कळतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला चुलीवर धड भाकरी येत नव्हती. पहिले चार महिने माझ्या वाटणीच्या भाकरी त्या गुपचूप थापायच्या आणि सासूबाईंना माझ्या म्हणून सांगायच्या. तेव्हा आक्का उभ्या राहणार म्हटल्यावर मला आनंदच झाला.

अडचण कागदांची होती. मतदार यादीत आक्कांचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. आधार कार्डावर तर जन्मतारीख कुणीतरी अंदाजाने एक जानेवारी टाकलेली, आणि वर्ष असं की त्या हिशेबाने आक्का माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या. अर्ज बाद झाला तर जागा हातची जाणार, म्हणून थोरले दीर म्हणाले, "धाकटीचा पण एक भरून ठेवू. डमी. थोरलीचा पास झाला की हिनं मागं घ्यायचा."

"हिनं" म्हणजे मी. अशी मी उमेदवार झाले.

अर्ज आधी कॉम्प्युटरवर भरायचा होता. पिरंगुटला एका सेंटरवर आम्ही सकाळी नऊला जाऊन बसलो. साइट उघडत नव्हती, उघडली की बंद पडत होती, आणि आमच्यापुढे चार गावांचे उमेदवार रांगेत. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. कीबोर्डवर बसलेल्या मुलीने आक्कांना न विचारताच व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी टाकलं.

आक्का म्हणाल्या, "काय लिवलं गं?"

मी वाचून दाखवलं.

"मी काय नुसती घरात बसती व्हय? भात कोण लावतं? शेती लिव."

मुलीने खोडून शेती लिहिलं. मग गुन्ह्यांचा रकाना आला. तुमच्यावर काही गुन्हा दाखल आहे का, असं विचारल्यावर आक्का गंभीर झाल्या. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "खालच्या आळीतल्या बाईशी पाण्यावरनं भांडले हुते, त्ये धरायचं का?" मी नाही म्हटलं, तरी त्यांचं समाधान होईना. "खोटं न्हाई ना लिवत आपण?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

माझा अर्ज भरायला दहा मिनिटं लागली. माझ्या कागदांत काहीच चूक नव्हती. व्यवसायाच्या रकान्यात मीही शेती लिहायला सांगितलं.

दाखल करायला पौडला तहसील कचेरीत गेलो, त्या दिवशी तिथे जत्रेसारखी गर्दी होती. दीर आणि पॅनेलची मंडळी बाहेर थांबली, आत आम्ही दोघीच. आक्कांनी डोक्यावरचा पदर तीनदा सारखा केला. टेबलामागे निवडणुकीचं काम पाहणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले, आडनाव बघितलं, पत्ता बघितला आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही एकाच घरातल्या?"

"व्हय, जावा हाय आमी," आक्का म्हणाल्या.

"आणि एकमेकींच्या विरोधात?"

"व्हय. पण भांडण न्हाई."

मॅडम हसल्या आणि त्यांनी पोच दिली. पोच घेतल्याची सही आक्कांनी टेबलावर पार वाकून केली. आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्या मुलीच्या वहीत पानंच्या पानं सही गिरवली होती, तरी शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलंच.

छाननीत दोन्ही अर्ज वैध ठरले. समोरच्या पॅनेलने वयावरून हरकत घेतली होती, पण वय काहीही धरलं तरी आक्का एकवीसच्या पुढेच होत्या. आता माझं काम एवढंच उरलं होतं, माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत जाऊन अर्ज काढून घ्यायचा.

त्या दिवशी मी बाराला निघणार होते. आक्कांनी अडवलं. "उपाशी जायचं न्हाई. कालवण हुतंय, खाऊन जा." त्यांच्या हातचं जेवण टाळणं मला कधी जमलेलं नाही. जेवून निघायला दीड वाजला. मिस्टरांच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले, तर फाट्याच्या अलीकडे कंपनीचा लांबलचक ट्रेलर वळताना आडवा अडकला होता. पुढेही गाड्या, मागेही गाड्या, बाजूला पाण्याची खोल चारी. मी उतरून चालायला लागले, पुढे एका रिक्षावाल्याने घेतलं. कचेरीत पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याच मॅडम होत्या. त्यांनी घड्याळ दाखवलं आणि म्हणाल्या, "ताई, आता माझ्याही हातात काही नाही." वर मला पाणी दिलं.

घरी दीर खवळले. "घरातलीच मतं फुटनार आता!" गावात दुसऱ्या दिवसापर्यंत पसरलं की जावाजावांत फाटलं. आक्का मात्र म्हणाल्या, "तिला काय बोलू नका. जेवायला मी बसवली." मग आम्ही दोघी मिळून दारोदार फिरलो. त्यांचं चिन्ह कपाट, माझं शिट्टी. त्या दाराशी उभ्या राहून कपाटाला मत द्या म्हणायच्या, आणि मी मागून हात जोडून सांगायची, "शिट्टीला देऊ नका, मी चुकून राहिलेय." एका म्हातारीने मला जवळ ओढून विचारलं, "तुला धमकी दिली का गं कुनी?" आम्ही तिच्या ओट्यावर बसून पोट धरून हसलो.

मतदानाला दोघी बरोबरच गेलो. मी कपाटासमोरचं बटण दाबलं.

मोजणी पौडला झाली. आक्का बत्तीस मतांनी निवडून आल्या. गुलालात दीर नाचत होते. मला नऊ मतं पडली होती. घरी येईपर्यंत दीर त्या नऊ जणांचा विचार करत होते. "कुनी दिली असतील?" म्हणत त्यांचा सगळ्या भावकीवर संशय घेऊन झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत पाहुण्यांची भांडी घासत होतो. आक्का खाली बघूनच म्हणाल्या, "त्या नवातलं एक माझं हाय."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आक्का! तुमी स्वतःलाच मत न्हाई दिलं? एका मतानं पडला असता तर?"

"पडले असते." त्यांनी हातातल्या ताटावर जोरात राख चोळली. "तितं आत गेले, माझ्या नावाखाली तुझं नाव दिसलं. तू समद्यांना सांगत फिरलीस, मला देऊ नका म्हणून. लोकं ऐकतात की. म्हटलं, तुझ्या नावापुढं भोपळा वाचून दाखवला, तर तितं सगळ्यांसमोर तुला कसं वाटंल?"

मी पातेलं पुन्हा घासायला घेतलं. त्याच पुढे म्हणाल्या, "यांना सांगू नकोस. लई बोंबलतील."

मी सांगितलं नाही. आक्का आता पंचायतीच्या मीटिंगला जातात, कागदावर सही करायच्या आधी तो घरी आणून माझ्याकडून वाचून घेतात, आणि पटला नाही तर सही न करता परत नेतात. उरलेली आठ मतं कुणाची हे मला आजवर कळलेलं नाही. दळणाला गेले किंवा दुधाच्या डेअरीवर रांगेत उभी असले, आणि एखादी बाई माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसली, की मी तिला मनातल्या मनात त्या आठांत धरते. आतापर्यंत माझ्या हिशेबाने वीसेक तरी झाल्या असतील.