घुमटाचा तिरका जोड

दुबईतल्या जबल अलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही कायम गोदामांचे सांगाडे बनवत आलो. मग डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेचं काम आलं आणि इंजिनिअर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. दुर्बिणीवरचा घुमट गोल रुळावर फिरतो. तो रूळ आम्ही ऑगस्टमध्ये, अंगाची लाही होत असताना जुळवला आणि डिसेंबरात वर नेऊन बसवला.

पहिल्याच चाचणीत घुमट प्रत्येक जोडावर धाडकन आपटला. थंडीत लोखंड आखडलं होतं, जोडांतल्या फटी रुंदावल्या होत्या आणि चाकं त्यांत आदळत होती. इतकी वर्षं फक्त उन्हाचा हिशेब करणारे आम्ही, थंडी नावाची गोष्ट साफ विसरलो होतो! मी कपाळावर हात मारला. वेधशाळेच्या प्रमुख, इथल्याच अमिराती बाई, शांतपणे म्हणाल्या की असे धक्के बसले तर दुर्बिणीत तारा स्थिर दिसणार नाही. गुरुवारपर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्या कंपनीला.

आमचे फोरमन चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांचं उत्तर तयार होतं. "ताई, जोड वेल्ड करून टाकू. खलास."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आणि मे महिन्यात रूळ फुगून वाकडा झाला की? घुमट काय तुम्ही-मी ढकलायचा?"

चाचा रुसून जेवायला वेगळे जाऊन बसले. शेवटी मीच डबा पुढे सरकवला आणि समजावलं की फट राहू दे, फक्त जोड तिरका कापू. म्हणजे चाक पुढच्या तुकड्यावर टेकल्याशिवाय मागचा सोडणारच नाही. त्यांनी टेबलावर बोटानं तिरकी रेघ ओढून पाहिली. मग तुकडे नव्यानं कापायला लागतील असं पुटपुटत लगेच वर्कशॉपला फोन लावला.

गुरुवारी दुपारी नवा रूळ बसला. चाचांनी रुळाशेजारच्या कठड्यावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला आणि मी बटण दाबलं. जीव नुसता टांगणीला! घुमट सरकला. एक जोड गेला, दुसरा गेला, अख्खी फेरी झाली. चहाचा थेंब सांडला नाही. बाईंनी उलटा फिरवायला सांगितला. तोही लोण्यासारखा फिरला. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, काम तुमचंच.

चाचांनी कठड्यावरून वाकून खाली थांबलेल्या आमच्या माणसांना ओरडून सांगितलं, "फिरला रे! ताईंनी फिरवला!"

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. लाज? मुळीच वाटली नाही.